ऊसतोडीच्या तळावरचे आजार : थोडा इतिहास, थोडं वैद्यक



काही वर्षांपूर्वीची डिसेंबरमधली गोष्ट. रात्री नऊच्या सुमाराला दवाखाना बंद करत होतो, तेवढ्यात एक जोडपं आलं. बाई चोवीस-पंचवीस वर्षांची, कडेवर मूल. तक्रार एवढीच की मोळी डोक्यावर घेऊन चढताना धाप लागते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. जीभ पांढरीफटक, नखं चपटी झालेली. हिमोग्लोबिन निघालं ७.१. मी पुस्तकात आहे तसं सगळं लिहून दिलं: जंताची गोळी, लोहाच्या गोळ्या तीन महिने, पंधरा दिवस आराम आणि महिन्याने पुन्हा तपासणी.

नवऱ्याने कागद हातात घेतला आणि विचारलं, "सायब, पंधरा दिवस घरी बसली तर खाडा कोण भरायचा?" बाई म्हणाली, "गोळ्या ह्याच महिन्याच्या द्या. पुढं कुठल्या फडावर असू, काय सांगावं."

ते दोघं परत आले नाहीत. माझं प्रिस्क्रिप्शन अगदी बरोबर होतं आणि त्याचा त्यांना फारसा उपयोग नव्हता. या लेखात त्याचं कारण शोधायचं आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, चक्क १८७७ पर्यंत.

आधी आजचं चित्र पाहू. पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या बऱ्याच वाचकांना ऊसतोड म्हटलं की कोल्हापूर-सांगली आठवतं. पण हिंजवडीच्या आयटी पार्कपासून काही किलोमीटरवर कासारसाईला संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. उत्तरेला आंबेगावात भीमाशंकर आणि जुन्नरमध्ये विघ्नहर आहे. पवना, इंद्रायणी, भामा, भीमा या नद्यांच्या काठी ऊस उभा असतो. चाकणच्या कंपन्यांची दुसरी पाळी सुटते तेव्हा उसाने भरलेले ट्रॅक्टर त्याच रस्त्याने जात असतात. दिवाळीच्या आगेमागे बीड, पाथर्डी, जालना, धाराशिव भागातून लोक येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. त्यांचं घर म्हणजे कोपी: बांबू, तट्ट्या, वर पाचट नाहीतर ताडपत्री. आत उभं राहता येईलच असं नाही. दाराशी चूल, जमिनीवर अंथरूण. पाणी कुठून आणायचं हे ज्या त्या तळाच्या नशिबावर. संडास बहुतेक ठिकाणी म्हणजे उसाचं रान, आणि तो ऊस तर रोज कमी होत जातो.

हिशोबाची पद्धत समजल्याशिवाय आजार समजणार नाहीत. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती टनावर फेडायची. एक जण आजारी पडला की कोयता मोडतो. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर खाडा म्हणून दंड कापला जातो. जानेवारी २०२४ च्या करारात मजुरीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. कोयत्याने एक टन ऊस तोडून, सोलून, मोळ्या बांधून गाडीत चढवायचा, त्याचे हे पैसे. वाढे विकून थोडी भर पडते. माझ्या पेशंटला मी लिहिलेला 'आराम' हे या हिशोबात फार महागडं औषध होतं.

आता इतिहास. दख्खनमध्ये १८७६ ते १८७८ हा मोठा दुष्काळ पडला. सरकारने दुष्काळी कामं काढली: रस्ते, तळी, कालवे. खर्च आटोक्यात ठेवायला सर रिचर्ड टेंपल यांना पाठवलं. त्यांनी १८७७ च्या सुरुवातीला मजुरी उतरवली: माणशी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर अगदी थोडे पैसे. दुसरी अट अंतराची. गावाजवळची छोटी कामं बंद करून मजुरांना लांबच्या मोठ्या कामांवर, तळ ठोकून राहायला लावायचं. खरोखर नडलेला असेल तो घर सोडून येईल, असं त्यामागचं गणित.

डॉक्टर म्हणून मी त्या एका पौंडाचा हिशोब करून पाहतो. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. ज्वारी असो वा तांदूळ, १०० ग्रॅममागे सुमारे ३४५ कॅलरी धरल्या तर १,५५० होतात. दिवसभर कुदळ मारणाऱ्या पुरुषाला ३,००० पेक्षा जास्त लागतात. म्हणजे निम्म्या पोटावर दगड फोडायचे. डाळ, भाजी, तेल यांसाठी काही उरत नाही. असं शरीर आधी चरबी जाळतं, मग स्नायू. मग रोगाशी लढायची ताकद जाते आणि साधा अतिसारही जीव घेतो. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी हेच त्या वेळी सरकारला लिहून सांगितलं, आणि काही महिन्यांनी तिथे मजुरी वाढवावी लागली. आपल्या मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामंच सोडून दिली. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. उपाशी माणसांनी काम नाकारणं ही किती मोठी गोष्ट आहे, याचा विचार करा. त्यांचं भांडण पोटाचं होतं, तसंच अंतराचंही होतं. लांबच्या तळावर हजारो माणसं, एकच पाणवठा आणि त्याच्याच वरच्या बाजूला हागणदारी. पटकीला याहून सोयीची जागा नाही. पटकीचा जंतू कोख यांना सापडला तो त्यानंतर, १८८३-८४ मध्ये.

दुष्काळी कामांवर ज्या कालव्यांचं खोदकाम झालं, त्यांत नीरा डावा कालवाही होता. १८८० च्या दशकात त्याला पाणी सुटलं आणि पुणे जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यात ऊस आला. पुढे प्रवरेचे कालवे झाले. १९३२ मध्ये, जागतिक मंदीच्या ऐन काळात, सरकारने देशी साखरेला जकातीचं संरक्षण दिलं आणि कालव्यांच्या पट्ट्यात रावळगाव, वालचंदनगर, माळीनगर असे कारखाने उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि मग रांगच लागली. दुष्काळाच्या तळावरच्या लोकांनी कालवा खोदला, कालव्याने ऊस आणला आणि उसाने पुन्हा तळ आणला. मात्र जिथे कालवा पोचला नाही, त्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली माणसं या नव्या तळावर आली.

त्याच मंदीत अमेरिकेतही हेच चाललं होतं. धुळीच्या वादळांनी आणि कर्जाने शेती गेलेली लाखो माणसं कॅलिफोर्नियात वाटाणे, कापूस, फळं तोडायला गेली. १९३६ च्या मार्चमध्ये निपोमो इथल्या वाटाणा तोडणाऱ्यांच्या तळावर डोरोथिया लँग यांनी काढलेला एका आईचा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल: कपाळावर आठ्या, दोन्ही बाजूंना तोंड लपवलेली मुलं. थंडीने पीक गोठलं होतं, काम संपलं होतं, आणि कुठे जायचं हे ठाऊक नव्हतं. पुढचा भाग मात्र कमी लोकांना माहीत असतो. सरकारने मेरिसव्हिल आणि अर्विन इथे नमुन्याचे तळ बांधले. तंबूखाली लाकडी फरशी, नळाचं पाणी, संडास, अंघोळीची सोय, कपडे धुवायच्या टाक्या आणि एक नर्स. १९३८ पासून शेतमजुरांसाठी वेगळी वैद्यकीय योजनाही आली. मजूर ज्या भागात असेल तिथल्या डॉक्टरकडे जायचा, पैसे योजना द्यायची. ही योजना आली तेव्हा पेनिसिलीन अजून औषधाच्या दुकानात पोचलं नव्हतं. फरशी, पाणी, संडास आणि एक नर्स एवढ्यावरच त्यांनी सुरुवात केली होती.

आपल्याकडे यापेक्षाही चांगलं उदाहरण आहे, ते १९७२ चं. मी तेव्हा लहान होतो. आजी लाल मिलोच्या भाकरी थापायची आणि त्या तुटायच्या, एवढं आठवतं. १८७७ पेक्षा तो दुष्काळ काही कमी नव्हता. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, नालाबांध, पाझर तलाव. लोक वाळले, जनावरं गेली, पण भूकबळींचे डोंगर पडले नाहीत. अभ्यासकांनी त्याची बरीच कारणं दिली आहेत. मला डॉक्टर म्हणून त्यातलं एक फार महत्त्वाचं वाटतं: कामं शक्यतो गावाच्या जवळ काढली होती. माणूस संध्याकाळी आपल्या घरी, आपल्या चुलीपाशी परत येत होता. टेंपलने अंतर ही अट केली होती, इथे तीच अट उलटी फिरवली. याच अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना पक्की झाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. कामावर पिण्याचं पाणी, लहान मुलांसाठी सावली, प्रथमोपचाराची पेटी, हे त्यात आलं.

पण १९७२ नंतरच मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांचा ओघ वाढला. काही जण पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर कायमचे राहिले. माझे कितीतरी जुने पेशंट त्यांतलेच. बाकीचे दर दिवाळीला निघत राहिले, आणि रोजगार हमीची सावली फडावर पोचली नाही. १९७९ मध्ये केंद्राने परराज्यातल्या स्थलांतरित कामगारांसाठी कायदा केला. त्यात राहण्याची जागा आणि औषधोपचार ही ठेकेदाराची जबाबदारी होती. पण तो लागू व्हायचा राज्याची हद्द ओलांडली तरच. बीडहून बेळगावला गेलेला मजूर त्यात बसत होता, बीडहून पुणे जिल्ह्यात आलेला बसत नव्हता. दोघांच्या कोपीत डास तेच.

आता पुन्हा त्या बाईकडे येऊ. तिचं हिमोग्लोबिन ७.१ का होतं? आपण लगेच म्हणतो, खात नाही नीट. पण आकडीवाला जंत, म्हणजे हुकवर्म, काय करतो ते बघा. शौचाला उघड्यावर बसलं की त्याची अंडी ओलसर मातीत पडतात. काही दिवसांत अळ्या होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. आतड्याला चिकटून हा जंत रोज थोडं थोडं रक्त पितो. एका जंताने काही होत नाही, शे-दोनशे असले की बाई पांढरी पडते. त्यात पाळीचं रक्त, लागोपाठची बाळंतपणं आणि भाकरीसोबत फक्त मिरचीचा ठेचा. मी दिलेली जंताची एक गोळी काम करते, पण दुसऱ्या दिवशी ती त्याच रानात त्याच पायांनी जाते. चपला आणि संडास ही इथे लोहाच्या गोळीइतकीच औषधं आहेत.

दुसरी तक्रार तळावरच्या बायका दबक्या आवाजात सांगतात. उजेडात आडोसा नाही म्हणून पाणी कमी प्यायचं, लघवी तासन् तास दाबून धरायची. त्यातून लघवीचा संसर्ग होतो. पाळीच्या दिवसांत कापड बदलायला जागा नाही, धुवायला पाणी नाही. अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं, कंबर धरते. यातल्या बहुतेक गोष्टी आठवड्याभराच्या औषधाने आणि स्वच्छ पाण्याने बऱ्या होतात. पण दरवेळी दवाखाना म्हणजे खाडा. मग कुणीतरी सांगतं, पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल. २०१९ मध्ये हा विषय बीडमधून देशभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती, म्हणजे दर सहा जणींमागे एक. देशात प्रजननक्षम वयातल्या बायकांमध्ये हे प्रमाण साधारण तीन टक्के आहे.

मी इथे माझ्याच व्यवसायाकडे बोट दाखवतो. गर्भाशय काढण्याची खरी कारणं असतात, पण पांढरं जाणं हे काही त्यातलं नाही. तिशीच्या आत गर्भाशय काढलं, आणि सोबत बीजकोषही गेले, तर स्त्री-संप्रेरकं एकदम बंद होतात. हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा येतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोष ठेवले तरी रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते. कंबरदुखी मात्र तशीच राहते, कारण ती पिशवीची नव्हती, मोळीची होती. 'कॅन्सर होईल' अशी भीती घालून कुणी ऑपरेशन सांगितलं तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय होकार देऊ नका. हे तळावरच्या बाईला लागू आहे तसं तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही.

कोपीत जमिनीवर झोपण्याचा आणखी एक धोका आहे, मण्यार. हा साप रात्री फिरतो आणि झोपलेल्या माणसाला चावतो. दंश दुखत नाही, सूज येत नाही, खूण शोधून सापडत नाही. पहाटे माणूस पोटात दुखतंय म्हणून उठतो, मग पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, श्वास थांबतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अचानक पोटदुखी आणि पापण्या जड, असं दिसलं तर मण्यार समजूनच ज्या रुग्णालयात व्हेंटिलेटर आहे तिथे न्या. मांत्रिकात एक तासही घालवू नका. खाट किंवा जमिनीवर नीट खोचलेली मच्छरदाणी, एवढ्याने हा धोका बराच कमी होतो.

तळांनी वैद्यकशास्त्राला शिकवलंही आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली. सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपात कालवलं आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्याही खाली आलं. आज आपण ओआरएसची पुडी सहज फोडतो, तिची मोठी परीक्षा अशा चिखलात झाली. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. साखरेच्या कारखान्याभोवतीच्या तळावर लेकरू जुलाबाने सुकावं, हे मला कधीच पचलं नाही.

कोविडचं फार लिहीत नाही, तुम्ही ते पाहिलंच आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा राज्यात एक लाखाहून जास्त ऊसतोड मजूर तळांवर अडकले होते. गाळप संपत आलं होतं, गावाच्या सीमा बंद होत्या. १७ एप्रिलला सरकारने त्यांना तपासणी करून घरी सोडायचा निर्णय घेतला. हात धुवा, अंतर ठेवा, हे आम्ही डॉक्टर तेव्हा रोज सांगत होतो. आठ बाय दहाच्या कोपीत सहा माणसं, आणि पाण्याची एक कळशी दोन वेळच्या स्वयंपाकाला.

त्या जोडप्यानंतर मी माझी पद्धत थोडी बदलली. गाव सोडून आलेल्या रक्तक्षयाच्या पेशंटला आता तीन महिन्यांचा कोर्स हा पहिला पर्याय ठेवत नाही. शिरेतून देण्याचं लोह, जसं फेरिक कार्बोक्सिमाल्टोज, रुग्णालयात देखरेखीखाली एक-दोन वेळांत देता येतं. एक खाडा होतो, पण एकच. गोळ्याच द्यायच्या असतील तर तीन महिन्यांच्या एकदम देतो आणि चहासोबत घेऊ नका हे दोनदा सांगतो. प्रत्येकाला शंभर पानी वही देतो. त्यात निदान, हिमोग्लोबिन आणि तारीख मराठीत लिहितो, कारण पुढचा डॉक्टर कोण असेल ते मला माहीत नसतं. माझे काही व्यावसायिक मित्र यावर हसतात, हसू देत. लहान मुलांच्या लशींसाठी तर गावाची अटच नाही. देशात कुठल्याही सरकारी केंद्रात त्या फुकट मिळतात. तुमच्या शेतात किंवा सोसायटीमागच्या रानात टोळी उतरली असेल तर आशाताईंना एक फोन करा, त्या येतात.

गेल्या हंगामात एक बाई दहा महिन्यांचं पोर घेऊन आली. लसीकरणाचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं होतं. पोर मागच्या हंगामात तळावरच जन्मलेलं, त्यामुळे पहिला शिक्का इंदापूरचा, पुढचे केजचे. नवव्या महिन्याचा, गोवराचा रकाना रिकामा. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवून तो भरून घेतला. पुढच्या डोसची तारीख सांगितली तेव्हा ती म्हणाली, "तवर आमी गावाकडं आसू की." मग तिच्याकडून तिच्या गावच्या आशाताईंचा नंबर घेतला आणि कार्डाच्या मागे तारखेसकट लिहून दिला.